कागदावरची बहीण

नोव्हेंबरात आलेल्या त्या पत्रात चार ओळी होत्या आणि तिसऱ्या ओळीत एक प्रश्न होता: सोबतची पदवी ज्या महिलेच्या नावे आहे, ती अर्जदाराची बहीण आहे का?

पत्र बायकोच्या नावाचं होतं, पण पाकीट मी फोडलं. आमच्या घरात कागदांचं खातं माझ्याकडे होतं. सनीव्हेलच्या अपार्टमेंटमध्ये कपाटाच्या वरच्या फळीवर माझी एक काळी फाइल असे. तिच्यात आम्हा तिघांचे मिळून सत्तेचाळीस कागद होते, प्रत्येकाच्या दोन प्रती आणि पहिल्या पानावर अनुक्रमणिका. मला त्या फाइलचा अभिमान होता. सांता क्लाराच्या कंपनीतलं माझं कामही त्याच जातीचं. हजार चिपांपैकी किती चालतात, किती चालत नाहीत आणि का चालत नाहीत, याचे आकडे मी ठेवत असे.

बायको मायक्रोबायॉलॉजीची बी.एस्सी. त्यावर लॅबचा डिप्लोमा, आणि लग्नाआधी सांगलीच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये चार वर्षं नोकरी. अमेरिकेत आल्यापासून सात वर्षं ती घरी होती, कारण तिच्या व्हिसावर नोकरी चालत नव्हती. त्या वर्षी आमच्या ग्रीन कार्डाचा अर्ज शेवटच्या टप्प्यात पोचला आणि तिला कामाचा परवाना मिळाला. परवाना हातात आल्याच्या दुसऱ्या आठवड्यात तिने एका हॉस्पिटलच्या लॅबमधला वर्षभराचा प्रशिक्षणक्रम शोधून काढला. स्वतः फोन करून, स्वतः बसने जाऊन. जागा सहा. अर्ज फेब्रुवारीअखेरपर्यंत. अट एवढीच, की भारतातली पदवी इथल्या पदवीच्या तोडीची आहे असं एका कार्यालयाकडून लिहून आणायचं. प्रश्न विचारणारं पत्र त्याच कार्यालयाचं होतं.

त्यांचं काही चुकलं नव्हतं. त्यांच्यापुढे तीन कागद होते. पदवीवर तिचं जन्मनाव, मग वडिलांचं नाव, मग माहेरचं आडनाव. पासपोर्टवर लग्नात ठेवलेलं नाव, मग माझं नाव, मग माझं आडनाव. तीन शब्दांपैकी एकही जुळत नाही. इथवर आपल्याकडच्या पुष्कळ बायकांची हीच गत असते, आणि विवाहाच्या दाखल्यावरून दुवा लागतो. पण आमच्या दाखल्यात लग्नाआधीचं नाव म्हणून जे लिहिलं होतं, त्यातला पहिला शब्द नवा होता आणि पुढचे दोन जुने. सासरी ठेवलेलं नाव आणि त्याला माहेरचं आडनाव. एकाच बापाच्या दोन मुली, एक शिकलेली आणि एक लग्न होऊन अमेरिकेत आलेली, असंच कुणालाही वाटावं.

ती दुसरी मुलगी जगात कधी नव्हती. ती मी तयार केली होती.

आमच्या लग्नाची नोंद लग्नानंतर चार वर्षांनी, व्हिसाची वेळ आली तेव्हा केली. तोवर तिचा पासपोर्ट नव्या नावाने निघाला होता. खिडकीतल्या कारकुनाने विचारलं, "मुलीचं आधीचं नाव?" मी मनात हिशोब केला. पहिलं नाव बदलल्याचं राजपत्रात कुठे छापून आणलेलं नाही. दोन नावं दिसली की दोन प्रश्न येणार. त्यापेक्षा सगळीकडे एकच असू दे. मी नवं नाव सांगितलं, त्याला तिच्या वडिलांचं नाव आणि आडनाव जोडलं. ती शेजारीच उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मी मानेनेच "नंतर सांगतो" असं सुचवलं आणि नंतर काही सांगितलं नाही. पुढे ग्रीन कार्डाच्या अर्जात "याआधी वापरलेली अन्य नावं" असा रकाना आला, तिथेही मी त्या नसलेल्या बाईचंच नाव उतरवलं. ऑफिसात कुणी दोन तक्ते जुळावेत म्हणून मधला एक आकडा बदलला असता, तर मी त्याची लेखी तक्रार केली असती. घरी मी तेच केलं आणि फाइल नीट लागली म्हणून खूश झालो.

आता खरं तर काम सोपं होतं. ग्रीन कार्डाचं काम बघणाऱ्या आमच्या वकिलाकडे जायचं, चूक सांगायची, ती दुरुस्त कशी करायची ते विचारायचं. मी गेलो नाही. ग्रीन कार्डाच्या मुलाखतीची तारीख कधीही येईल अशी स्थिती होती. अशा वेळी आपणच आपल्या अर्जात चूक होती असं लिहून द्यायचं, ही कल्पनाच मला सोसत नव्हती. चार दिवस मी ते पत्र ऑफिसच्या खणात ठेवलं. पाचव्या दिवशी तिला दाखवलं.

तिने ते दोनदा वाचलं. "मग आता?"

"वकिलाशी बोललो मी," मी म्हणालो. "तो म्हणाला, आत्ता कागदांना हात लावू नका. ग्रीन कार्ड होऊ द्या."

मी वकिलाशी बोललो नव्हतो.

"मग फेब्रुवारी?"

"पुढच्या वर्षीही फेब्रुवारी येतोच की."

माझ्या कागदांवर तिचा विश्वास होता. अकरा वर्षांत माझा एकही आकडा चुकल्याचं तिने पाहिलं नव्हतं.

डिसेंबरात ऑफिसात एक छोटी गोष्ट झाली. आमच्या गटात एक चिनी बाई होत्या, वयाने माझ्याएवढ्या, आकड्यांत माझ्याहून पक्क्या. नाताळाच्या पार्टीसाठी टेबलांवर ठेवायच्या नावांच्या चिठ्ठ्या छापून आल्या, त्यांत सेक्रेटरीने या बाईंना त्यांच्या नवऱ्याचं आडनाव लावलं होतं. बाईंनी शांतपणे चिठ्ठी परत दिली आणि दुसरी मागून घेतली. जेवताना मी विचारलं, लग्नानंतर तुमच्याकडे आडनाव बदलत नाही का?

"कशाला बदलायचं?" त्या म्हणाल्या. प्रश्न त्यांना खरोखरच कळला नव्हता.

मग त्यांनी चाचणीच्या तक्त्याची एक जुनी प्रिंट उलटी केली आणि एक अक्षर काढलं. आठ रेघांचं. त्याचे दोन भाग होते. डावीकडच्या तीन रेघांवर बोट ठेवून म्हणाल्या, ही बाई. उजवीकडच्या पाच रेघा म्हणजे जन्मणं. फार जुन्या लिपीत ते जमिनीतून वर आलेल्या कोंबाचं चित्र होतं. बाई आणि जन्म मिळून जे अक्षर होतं, त्याचा अर्थ आडनाव. जिच्यापोटी आलो तिच्यावरून ओळख. अगदी जुनी जी काही आडनावं आहेत, त्यांतल्या कितीतरींच्या अक्षरात आजही ती बाई बसलेली आहे, असं म्हणून त्यांनी आणखी तीन काढून दाखवली. तिन्हींत त्या तीन रेघा होत्या. मी मोजल्या.

"म्हणजे पूर्वी आईचं आडनाव लावत?"

"काही पंडित म्हणतात लावत. काही म्हणतात, एका अक्षरावरून एवढं सिद्ध होत नाही." त्या हसल्या. "आणि आम्हाला फार मोठं समजू नका. माझ्या मुलाला त्याच्या बापाचंच आडनाव आहे. घरात तिघं, त्यात परकं आडनाव माझं. तुमच्या बायकोचं बदललं?"

"हो. नावही बदललं."

"दोन्ही?" त्यांनी पेन खाली ठेवलं. "मग शाळेतल्या मैत्रिणींना ती सापडणार कशी?"

"त्यांचीही बदललेली असतात," मी म्हणालो.

हे मी विनोद म्हणून बोललो नव्हतो. पण टेबलाभोवती जेवणारे गटातले सगळे हसले, आणि मीही हसलो. तो कागद घडी करून मी खिशात घातला. बायकोला दाखवावा म्हणून नव्हे. चार लोकांत सांगायला चांगली माहिती आहे, म्हणून.

चार लोक जानेवारीत आमच्याच घरी जमले. संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. इथे बायकांना गाडीने आणणारे पुरुषही मग जेवायला थांबतात. तीन कुटुंबं, आणि एका मित्राची पुण्याहून आलेली आई, जिला सगळे काकू म्हणत. जेवणं झाली, तिळगुळाची ताटली फिरत होती. मी कागद काढला आणि अक्षर समजावून सांगितलं. डावीकडे बाई, उजवीकडे जन्म. सांगितलंही चांगलं असणार, कारण सगळे गप्प ऐकत होते.

"तुम्ही तर चिनी झालात की हो," मित्र म्हणाला. "शनिवारच्या मराठी शाळेला पोरीला पाठवायचं नाही, आणि स्वतः चिनी अक्षरं गिरवायची."

"पण काय सुंदर आहे," त्याची बायको म्हणाली. "बाई आणि जन्म. आपल्याकडे नाही बाई असं काही."

"आपल्याकडे कसं असेल?" मी म्हणालो. "आपण बाईचं नावच पुसतो." हे वाक्य मी गाडी चालवताना जुळवून ठेवलं होतं.

काकूंनी मान डोलावली. "खरंय. माझ्या सासूबाईंनी माझं नाव ठेवलं, आणि पहिला महिनाभर कुणी हाक मारली तर मला कळायचंच नाही, मलाच मारलीय ते." मग त्या बायकोकडे वळल्या. "तुझं गं? माहेरचं नाव काय तुझं?"

बायकोने सांगितलं. त्या घरात तो शब्द पहिल्यांदाच उच्चारला गेला असावा.

"अगं, किती गोड नाव. ते का बरं बदललं?"

"यांना विचारा," ती म्हणाली. आवाज अगदी साधा. "पण काकू, ते नाव वाया नाही गेलं हं. माझ्या बहिणीला दिलं. ती बी.एस्सी. आहे. लॅबमध्ये चार वर्षं नोकरी केलेली. मी आपली अशीच. घरी असते."

"हो का? बहीण कुठे असते?"

"यांच्या फाइलमध्ये."

थट्टा आहे एवढं लोकांना कळलं आणि ते हसले. आमची आठ वर्षांची मुलगी सोफ्याच्या हातावर बसली होती. तिने इंग्रजीत विचारलं, "आई, तुझं दुसरं नाव होतं? मग बाबांनी बदललं? खालच्या मजल्यावरच्या लोकांनी दिलेल्या मांजरीचं आपण बदललं, तसं?"

"मांजरीला आपण दोन नावं म्हणून दाखवली होती," बायको मराठीत म्हणाली. "कुठल्या नावाला ती वळून बघते ते पाहिलं होतं."

यावर कुणी हसलं नाही. मित्राने चहाचं विचारलं.

पाहुणे गेल्यावर मी भांडी पुसायला ओट्याशी उभा राहिलो. ती धूत होती. मला वाटलं होतं ती रागावेल, पण ती एखादी यादी वाचावी तसं बोलत गेली. तिचं जन्मनाव तिच्या आईने ठेवलं होतं, आत्याने कानात सांगितलेलं बाजूला सारून. त्यावरून आत्या दोन वर्षं घरी आली नव्हती. हे मी अकरा वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. लग्नाच्या दिवशी ताटात तांदूळ पसरून मी अंगठीने नाव लिहिलं, तेव्हा ती एकेक अक्षर उमटताना वाचत होती. तिसरं अक्षर येईपर्यंत तिला वाटत होतं, कदाचित तेच ठेवतील.

मी नाव कसं निवडलं होतं ते मला आठवत होतं. महिनाभर आधी मी पाच नावांची यादी केली होती. त्यांतली दोन खोडली, कारण चुलतभावांच्या बायकांची तीच होती. उरलेल्या तिन्हींत माझ्या नावाशेजारी कोणतं बरं दिसतं ते मी लिहून पाहिलं. त्या यादीत तिचं स्वतःचं नाव नव्हतं. ते असू शकतं, हेच सुचलं नव्हतं.

"मी वकिलाला भेटते," ती नळ बंद करत म्हणाली. "त्याने थांबा म्हटलं असेल, तर का थांबा ते माझ्यासमोर सांगू दे. महिनाभर आहे अजून."

"तो असा कुणालाही वेळ देत नाही."

"मी फोन करून घेते वेळ."

तिने फोन केला. अकरा दिवसांनंतरची वेळ मिळाली. अकरा दिवस म्हणजे अकरा सकाळी चहा, अकरा रात्री जेवण. म्हणजे बावीस वेळा तरी मी तिच्यासमोर बसलो, आणि बावीस वेळा सांगू शकलो असतो की वकिलाचं नाव मी घेतलं, तो काहीच बोललेला नाही. एकदा तोंड उघडलंही. "अगं, त्या वकिलाचं..." एवढं म्हणालो. "काय?" तिने विचारलं. "पार्किंग मागच्या बाजूला आहे," मी म्हणालो.

सॅन होजेमधल्या त्या कार्यालयात वकिलाने तिन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. उतारवयाचे, संथ बोलणारे गृहस्थ होते. बायकोने इंग्रजीत सगळं सांगितलं, लग्नातल्या तांदळापासून विवाहनोंदणीच्या खिडकीपर्यंत, माझ्यावर एकही शब्द न ढकलता. "आम्ही असं लिहिलं," असंच ती म्हणत राहिली.

"यात घाबरण्यासारखं काही नाही," ते म्हणाले. "दुरुस्तीचं एक पत्र. तुमच्या आईचं प्रतिज्ञापत्र, तुम्हाला लग्नाआधीपासून ओळखणाऱ्या आणखी एकाचं, आणि तुमच्या यजमानांचं. त्याच्या प्रती त्या पदवीवाल्या कार्यालयाला. भारतातून येणाऱ्यांचं असं वरचेवर होतं."

"ग्रीन कार्डाला धोका?"

"चूक मुलाखतीत त्यांना सापडली, तर त्रास. आधी आपणच सांगितली, तर काही नाही."

"मग नोव्हेंबरात तुम्ही थांबायला का सांगितलंत?"

त्यांनी फाइल उघडली, दोन पानं मागे गेले, पुन्हा पुढे आले. "मी? मला तर हे आज कळतंय." मग त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि लगेच कॅलेंडरकडे वळले. "नोव्हेंबरात आला असतात तर आतापर्यंत सगळं हातात असतं. आता बघू. भारतातून कागद यायला किती लागतील?"

बायको माझ्याकडे बघत नव्हती. ती टेबलावरच्या तीन कागदांकडे बघत होती.

परत येताना एल कमिनोवर चार सिग्नल लाल लागले. चौथ्याला मी म्हणालो, "मी घाबरलो होतो."

"ते कळलं मला."

"सांगणार होतो."

"नका सांगू आता." सिग्नल सुटल्यावर ती म्हणाली, "आईला फोन मी करते. काय लिहायचं ते मीच सांगते. तुम्ही तिकडे आत्ता किती वाजले असतील तेवढं सांगा."

मी साडेतेरा तास मिळवून वेळ सांगितली.

तिच्या आईचं प्रतिज्ञापत्र आणि सांगलीच्या लॅबच्या डॉक्टरांचं प्रतिज्ञापत्र मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात पोचली. दुरुस्ती झाली, ग्रीन कार्ड आलं, मुलाखतीत नावांबद्दल कुणी एक प्रश्नही विचारला नाही. हॉस्पिटलच्या सहाही जागा तोवर भरल्या होत्या. तिने पुढच्या वर्षी अर्ज केला, तेव्हा सहात तिचं नाव आलं. पुढे तिने त्या क्षेत्रात पुष्कळ वर्षं काम केलं. म्हणजे नुकसान किती, तर एक वर्ष. हे एक वर्ष मी निरनिराळ्या भागाकारांत घालून पाहिलं आहे, आयुष्याच्या मानाने, नोकरीच्या मानाने. ते कशानेही लहान होत नाही, कारण ते चुकून गेलेलं नाही. मी ते वाचवू शकत होतो आणि वाचवलं नाही, आणि त्यासाठी एका भल्या माणसाचं नाव खोटं वापरलं.

माझं प्रतिज्ञापत्र मी स्वतः लिहिलं. चार वाक्यं होती. अमुक तारखेला आमचं लग्न झालं. त्या दिवशी आमच्या रिवाजाप्रमाणे मी पत्नीचं नाव बदललं. विवाहनोंदणीच्या वेळी तिचं जन्मनाव न देता नवं नाव मी दिलं, ती चूक माझी. चौथं वाक्य होतं, "नाव बदलताना मी तिला विचारलं नव्हतं."

वकिलांनी चौथ्याखाली पेन्सिलीने रेघ मारली. याची गरज नाही, म्हणाले, पण तुम्हाला हवं असेल तर राहू द्या. मी म्हणालो, राहू दे.

घरी आणून मी तो कागद बायकोला वाचायला दिला. तिने आपल्या जन्मनावाचं स्पेलिंग पदवीशी एकेक अक्षर लावून तपासलं. मग शेवटाला आली.

"हे काढा," ती म्हणाली.

"खरं आहे ते."

"खरं आहे. पण ते सरकारला कशाला सांगता?"

मी वाट पाहिली, ती आणखी काही बोलेल म्हणून. तिने कागद माझ्या हातात दिला आणि मुलीला शाळेतून आणायला गेली. मी टेबलाशी बसून ते वाक्य खोडलं, आणि तीन वाक्यांचा कागद नव्याने लिहून काढला.